आरंभीची शिदोरी

संगणकावरच्या एका खेळाविषयी या पत्रिकेत लिहिले जावे, हे आपल्यापैकी काही ज्येष्ठ वाचकांना चमत्कारिक वाटेल. खेळ मुलांचे, आणि ही पाने पोक्त माणसांची. परंतु खेळांनी नीतीचे प्रश्न पूर्वीही उघडे केले आहेत. द्यूतसभा वगळून महाभारत सांगता येत नाही. तेव्हा विषयाच्या नवेपणाबद्दल थोडी सवलत मागून पुढे जातो.

'प्रॉस्परस युनिव्हर्स' नावाचा हा खेळ जर्मनीतील 'सिम्युलॉजिक्स' या मंडळींनी रचला. अवकाशातला म्हणताच तोफा आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काही नाही. दूरदूरच्या ग्रहांवर वसाहती आहेत, कारखाने आहेत, मालवाहू जहाजे आहेत आणि बाजार आहेत. प्रत्येक खेळाडू एका कंपनीचा मालक. त्याच्या कामगारांना नित्य शिधा लागतो, पिण्याचे पाणी लागते, अंगावर कामाचे कपडे लागतात. कॉफी मिळाली तर त्यांचे काम अधिक नीट होते. (हे वाचून धारवाडच्या कोणत्याही कचेरीतला माणूस मान डोलवील.) जहाजांना इंधन हवे, इमारतींना साहित्य हवे. हे सारे एकट्याने पिकवणे आणि घडवणे जमण्यासारखे नाही, म्हणून पुष्कळसे इतर खेळाडूंकडून विकत घ्यावे लागते. माल तयार व्हायला खरोखरीचे तास आणि दिवस जातात. खेळाडू झोपला तरी कारखाना चालूच असतो.

या खेळात शिरताना एक प्रश्न पुढे येतो : तुम्ही कोण म्हणून सुरुवात करणार? शिधा पुरवणारा, धातू गाळणारा, इंधन करणारा, बांधकामाचे साहित्य बनवणारा, अशा काही भूमिका मांडून ठेवलेल्या असतात आणि निवडाल त्या भूमिकेला साजेशी शिदोरी बांधून मिळते. आपल्या घरोघरी मुलांनी जो 'व्यापार' खेळला, त्यात हा प्रश्न नव्हता. सर्वांना सारख्याच नोटा वाटून डाव सुरू होई. १९८४ साली इंग्लंडात निघालेल्या 'एलिट' या अवकाश-व्यापाराच्या जुन्या खेळातही प्रत्येकाला एक जहाज आणि शंभर नाणी एवढेच मिळे. आरंभ निवडण्याची मुभा मागाहून आली, आणि तिच्याबरोबर चिंताही आली.

मालमड्डीतील आमच्या एका स्नेह्यांचा नातू अभियांत्रिकीच्या वर्गात आहे. या एका प्रश्नावर तो दोन दिवस अडून बसला. कोणत्या मालाला भाव आहे, कोणता ग्रह बाजाराला जवळ आहे, याचे तक्ते त्याने केले. शेवटी आजोबांनाच विचारले, "अज्जा, तुम्ही काय घेतलं असतं?" रेल्वेच्या कचेरीत छत्तीस वर्षे काढलेले ते गृहस्थ हसून म्हणाले, "आम्हाला कुणी विचारलंच नाही रे. अण्णा म्हणाले रेल्वेत जा, गेलो."

या दोघांच्या मध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मला लिहायचे आहे.

आजोबांच्या बाजूची बैठक आपल्या गावाला परकी नाही. १९२३ साली जन्मलेले जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात तीसेक वर्षे इंग्रजी शिकवत राहिले, आणि मराठी कथेला त्यांनी नियतीचे जे गडद रूप दिले, ते इथेच बसून. त्यांच्या माणसाला वाट निवडल्याचा भास होतो, आणि वाट आधीच ठरलेली असल्याचे पुढे कळते. नातवाची बैठक नेमकी उलटी : सारे पर्याय समोर मांडलेले, नियम छापलेले, आणि बोट ठेवणारा मोकळा. प्रत्यक्ष आयुष्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चालते हे म्हणणे सोपे आहे. मध्ये म्हणजे नेमके कुठे, हे सांगणे मात्र अवघड.

प्रथम नफ्याचा हिशेब घेऊ, कारण निवडीच्या वेळी सर्वांत मोठा आवाज त्याचाच असतो. आपल्या जिल्ह्याने हा हिशेब एकदा फार मोठ्या प्रमाणावर मांडून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील कापसाचे बियाणे धारवाडच्या काळ्या मातीत रुजले आणि 'धारवाड-अमेरिकन' हे नाव बाजारात चालू लागले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या तीन-चार वर्षांत ज्याने कापसाचा धंदा धरला, त्याला कोणीही शहाणाच म्हटले असते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. १८६४ मध्ये आरंभ करणारा आणि १८६१ मध्ये आरंभ करणारा, दोघांची अक्कल सारखी, कष्ट सारखे. शिदोरी सुद्धा कदाचित सारखी.

रेल्वेचेही तसेच. सदर्न मराठा रेल्वेची मुख्य कचेरी धारवाडात होती, तेव्हा तिथल्या कारकुनीइतकी पक्की जागा पंचक्रोशीत नव्हती. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेबरोबर एकत्र झाली आणि मुख्य ठाणे मद्रासेस गेले. हुबळीचा कारखाना राहिला. धारवाडच्या त्या देखण्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले. म्हणजे भाव आजचा असतो आणि भूमिका मात्र पुढल्या तीस वर्षांची घ्यावी लागते. खेळातल्या मुलाचे तक्ते या जागी लुळे पडतात. त्याच्यासारखेच तक्ते करून आणखी शंभर जण तीच भूमिका घेतात, आणि ज्या भावाच्या भरवशावर निवड केली, तो भाव त्या निवडीनेच उतरतो.

दुसरा मार्ग असा की, भाव न पाहता गरज पाहावी. उत्तरेत उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने धारवाडात येऊन पेढा करायला घेतला, त्यामागे फार मोठी योजना असेल असे वाटत नाही. गवळ्यांच्या म्हशींचे दाट दूध इथे होते, आणि ते आटवण्याचा धीर त्या कुटुंबाजवळ होता. एकाच्या दुधावर दुसऱ्याची कढई चालली, आणि गावाचे नाव त्या पदार्थाला चिकटले. खेळात शिधा पुरवण्याची भूमिका मला यासाठीच आवडते. तीत थाट नाही, पण इंधनवाला आणि धातुवाला दोघांचेही कामगार तिच्याच ताटावर जेवतात. अर्थात हीसुद्धा आवडच. गरज पाहून भूमिका घेणारा निःस्वार्थ असतो असे नाही; त्याचा स्वार्थ दुसऱ्याच्या पोटाशी बांधलेला असतो, एवढेच.

आरंभ निवडण्याचा हा प्रसंग तत्त्वज्ञांनी फार पूर्वी कल्पिला होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या अखेरीस एर नावाच्या सैनिकाची कथा येते. मृत्यूनंतर पुन्हा जन्माला निघालेल्या जीवांपुढे नाना तऱ्हेच्या आयुष्यांचे नमुने मांडले जातात, चिठ्ठ्या पडतात, आणि क्रमाने ज्याने त्याने एकेक उचलायचे. पहिली चिठ्ठी लागलेला जीव घाईने जुलमी राजाचे सर्वांत मोठे पद उचलतो आणि त्यात काय काय वाढून ठेवले आहे हे वाचून मग आक्रोश करतो. ओडिसियसची चिठ्ठी सर्वांत शेवटची. तो बराच वेळ शोधून, कोपऱ्यात इतरांनी टाकलेले, कुणाच्या अध्यात न मध्यात नसलेल्या साध्या माणसाचे आयुष्य उचलतो, आणि पहिला क्रमांक असता तरी हेच घेतले असते, असे म्हणतो. प्लेटोला दाखवायचे आहे ते असे की, निवडणारा आपले जुने शहाणपण किंवा जुनी हाव घेऊनच निवडीला येतो. आपल्याकडील स्वभाव आणि स्वधर्म यांच्या विचाराशी याचे नाते जुळते, फक्त आपल्याकडे नमुना उचलायला देत नाहीत. तो वाट्याला आलेला असतो आणि तो नीट निभावणे एवढेच आपले.

विसाव्या शतकात जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात हाच देखावा फिरवून मांडला. समाजात आपण कोण असणार, श्रीमंत की गरीब, धट्टेकट्टे की दुबळे, हे कोणालाच ठाऊक नाही, असा पडदा कल्पा, आणि त्या पडद्याआड बसून समाजाचे नियम ठरवा. ते नियम न्याय्य असतील. खेळ याच्या अगदी उलट करतो : नियम पक्के, छापील, बदलता न येणारे, भूमिका मात्र आपल्या हाती. रॉल्स यांच्या पडद्याआडचा माणूस सर्वांचा विचार करतो, कारण तो कोणीही असू शकतो. खेळाच्या दारातला माणूस फक्त स्वतःचा विचार करू शकतो, कारण तो कोण होणार हे त्याने ठरवलेले आहे. आपल्या घरांत दहावीचा निकाल लागल्यावर मुलाशी जे बोलणे होते, ते या दुसऱ्या तऱ्हेचे असते. नियमांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही; कोणती शाखा घ्यायची, एवढाच प्रश्न.

परंतु खेळाच्या आणि घराच्या निवडीत एक भेद आहे, आणि माझ्या मते सारे त्यातच आहे. खेळातली शिदोरी कोणी बांधून दिलेली नसते. ती यंत्रातून येते. कोणाच्या डब्यातली भाकरी कमी करून ती भरलेली नाही. भूमिका चुकली असे वाटले तर खेळाडू कंपनी मोडतो आणि नव्या शिदोरीने पुन्हा सुरू करतो. पहिल्या शिदोरीचे काय झाले, असे विचारणारा वडीलधारा तिथे नाही. म्हणूनच ती निवड इतकी मोकळी वाटते. मोकळेपण निवडणाऱ्याच्या धैर्यातून आलेले नसून देणारा अदृश्य असण्यातून आलेले आहे.

देणारा दृश्य असला म्हणजे काय होते, हे आपल्या धर्मशास्त्रात आणि न्यायालयात शतकानुशतके घोळलेले आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांच्या वाटण्या तिच्याच आधाराने झाल्या. तीत एक प्रकरण स्वतः मिळवलेल्या धनाचे आहे. वडिलार्जित द्रव्याला धक्का न लावता एखाद्याने विद्येच्या बळावर मिळवले, तर ते त्याचे एकट्याचे. मग प्रश्न असा उभा राहिला की, विद्याच जर वडिलार्जित द्रव्याने मिळाली असेल, तर त्या विद्येची कमाई कोणाची?

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न पुस्तकी उरला नाही. एकत्र कुटुंबातला एक मुलगा वकील होई, मुन्सफ होई, आणि घरी राहून शेती पाहणारे भाऊ म्हणत, हा शिकला तो आमच्याही पैशावर, तेव्हा याच्या पगारात आमचा वाटा. न्यायालयांनी तोडगा काढला : साधे लिहिणे-वाचणे शिकवले असेल तर कमाई त्याची; धंद्याचे खास शिक्षण कुटुंबाच्या खर्चाने दिले असेल तर ती सर्वांची. साधे कुठे संपते आणि खास कुठे सुरू होते, यावर वकिलांची कित्येक घरे चालली असतील. १९२१ साली गोकुळचंद विरुद्ध हुकूमचंद या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व टोकाला नेले. कुटुंबाच्या पैशाने शिकून इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेल्या माणसाची मिळकत कुटुंबाची ठरली. स्वतःच्या बुद्धीने परीक्षा दिली, स्वतःच्या अंगाने चाकरी केली, तरी आरंभीची शिदोरी सामाईक, म्हणून फळही सामाईक.

हा निकाल शिकलेल्या वर्गाला झोंबला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि 'हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट', म्हणजे विद्याधनाचा कायदा, १९३० साली झाला. शिक्षण कुटुंबाच्या खर्चाने झाले असो वा नसो, विद्येची कमाई शिकणाऱ्याची. एका छोट्या कायद्याने देणाऱ्याचा हक्क पुसला.

मला वाटते, जयकर बरोबर होते. शिदोरीच्या बदल्यात सारा प्रवास गहाण मागणे अन्यायाचे आहे. ज्या घरात प्रत्येक घासाचा हिशेब जन्मभर चालतो, तिथे कोणी नवी वाट धरत नाही. अण्णांनी सांगितले तिकडेच जातो. शिवाय देणाऱ्यालाही काही सर्वज्ञता नसते. धारवाडची कचेरी मद्रासेस जाईल, हे कोणत्या अण्णांना ठाऊक होते? परंतु कायद्याने हक्क पुसला म्हणजे ऋण पुसले, असा जो अर्थ पुढल्या पिढ्यांनी घेतला, तो त्या कायद्यात नाही. वाटा मागता येत नाही, इतकेच कायदा सांगतो. कोणी दिले याची आठवण ठेवू नये, असे तो कुठेही म्हणत नाही. खेळातल्यासारखी यंत्रातून आलेली शिदोरी समजून पुढे चालू लागणे, ही आपण आपली करून घेतलेली सोय आहे.

याउलट वागल्याचे एक उदाहरण आपल्या साधनकेरीत आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, १८९६ चा जन्म, घरची भाषा मराठी. वडील गेले तेव्हा हे बारा वर्षांचे, आणि चार भावांत थोरले. अशा थोरल्या मुलाने काय करायचे असते, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९१८ साली पदवी घेतली, परत येऊन धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात मास्तर झाले. पुढे १९४४ ते १९५६ सोलापुरात कन्नडचे प्राध्यापक होते. मास्तरकी ही मिळालेली भूमिका. निवडलेली भूमिका कवीची, आणि तीही घरच्या भाषेत न निवडता गावाच्या भाषेत. मराठीतही त्यांनी लिहिले, परंतु 'नाकु तंती'साठी ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवीला. मराठी घराने दिलेली शिदोरी त्यांनी कन्नडच्या वाटेवर खर्च केली, असे कोणी चिडून म्हणेलही. तसे म्हणणारे आपल्यात होते. मात्र कवितेखाली त्यांनी जे नाव घातले ते पाहा : अंबिकातनयदत्त. अंबिका ही त्यांची आई. निवड सर्वस्वी स्वतःची, वाट आईला परकी वाटावी अशी, आणि प्रत्येक कवितेखाली सहीतच देणारीचे नाव. तिला वाटा दिला असे नव्हे. तिच्या नावावाचून त्यांनी आरंभ केला नाही.

सगळ्यांची अंबिका सहीत आलेली नाही, हे मात्र सांगायला हवे. थोरल्याने नोकरी धरली म्हणून धाकटा पुण्याला गेला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याच घरात एक बहीण होती. तिला चार इयत्ता पुरे झाल्या आणि तिच्या वाट्याचे दूध, दिवा आणि वेळ धाकट्याच्या परीक्षेकडे वळले, हे कथेत येत नाही. १९३० च्या कायद्याने ज्यांचे ऋण पुसले, त्यांत तिचे नावच नव्हते, कारण मुळात तिचा हक्क लिहिलेला नव्हता. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळायला कर्नाटकात १९९४ साल आणि सगळ्या देशात २००५ साल उजाडले. तोवर तिने अनेक प्रवास लावून दिले होते.

म्हणून भूमिका निवडायला बसलेल्या मुलाला 'तुला काय आवडते' आणि 'कशाला भाव आहे' हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. तिसरा मात्र आपण वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे ठेवायचा आहे, आणि तो वसुलीच्या सुरात ठेवायचा नाही. ही शिदोरी कोणी बांधली, आणि बांधताना त्याला किंवा तिला कोणी विचारले होते का? रेल्वेतल्या त्या आजोबांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या पगारावर त्यांचे दोन भाऊ आणि आता हा नातू आपापल्या निवडी करू शकले. ते रेल्वेत सुखी होते की नाही, हे त्या घरात अद्याप कोणी विचारलेले नाही, असे मला त्यांच्याच बोलण्यातून कळले.

आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर जुन्या कीर्द-खतावण्या अजून असतील. मोडीतल्या आहेत म्हणून कोणी उघडत नाही. जी वाचली, तीत चिरंजीवांस पुण्यास पाठवलेली मनिऑर्डर दर महिन्यास लिहिलेली होती, पुस्तकांचे पैसे वेगळे, परीक्षेची फी वेगळी. मुलीच्या नावापुढे लग्नाचा खर्च होता. त्या आधीची वर्षे तिच्या नावावर काहीच नव्हते. ती जे जेवली आणि तिने जे रांधले, ते सारे 'घरखर्च' या एका शब्दाखाली पडलेले होते.